शिरोमर्माभिघात : अक्षतंतूंची विखुरलेली इजा

ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदसैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन उलटले. अशा अपघातांत कवटी अभंग असूनही रुग्ण बेशुद्ध का राहतो? मस्तक वेगाने फिरून थांबले की मेंदूतील अक्षतंतू (चेतापेशींचे लांब धागे) ताणले जातात. त्यांचा ऱ्हास पुढे कित्येक तास, प्रसंगी दिवस चालतो. साबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये याचे वर्णन केले. सीटी स्कॅन निर्दोष येऊ शकतो. एमआरआय अधिक दाखवितो. स्वच्छ सीटी पाहून मीही एकदा नातेवाइकांना धीर दिला होता. ती घाई झाली.

चरकाचार्यांनी शिर त्रिमर्मांत गणले आहे. वैद्यबंधूंनी बेशुद्धाच्या मुखात औषध घालू नये, नस्यही देऊ नये. मान स्थिर ठेवून त्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. ब्राह्मी-अश्वगंधेचा विचार नंतरचा. डोक्यास मार लागून बेचैन झालेल्यासाठी कोणी झोपेची गोळी मागितल्यास औषध विक्रेत्यांनी ती देऊ नये.