बी.एड. नाही, मग इंग्रजी कुठे शिकवावे?

पालघर, बोईसर भागातील आपल्या व्यापारी-कारागिरांच्या घरांत आज पदवीधर मुले-मुली आहेत. इंग्रजी चांगले, पण डी.एड., बी.एड. नाही. "कुठल्यातरी शाळेत लावून द्या," अशी गळ पालक आम्हाला घालतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

प्रथम शाळेचा दरवाजा पाहू. शिक्षणहक्क कायद्याखाली २०१० पासून पहिली ते आठवीच्या नव्या शिक्षकाला ठरावीक प्रशिक्षण व टीईटी आवश्यक आहे. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू करावी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात मोठ्या खंडपीठाच्या विचारार्थ पाठविला. तेवढ्या भरवशावर बसू नये.

आमच्या परिचयातील एका मुलीने एका लहान शाळेत 'तात्पुरती' म्हणून दोन वर्षे काढली. नेमणूकपत्र नव्हते. तपासणी येणार म्हणताच तिला घरी बसविले. अनुभवाचा दाखलाही दिला नाही. बिलाशिवाय माल देणारा व्यापारी वसुली कशाच्या जोरावर करणार?

दुसरा दरवाजा तारापूर औद्योगिक वसाहतीत आहे. तेथे कापड, रसायने, औषधे व पोलादाचे कारखाने आहेत. कामगाराला पिंपावरची सूचना, गेटपास, चलन वाचता आले पाहिजे. सुपरवायझरला दोन ओळींचे पत्र लिहिता आले पाहिजे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला एका पत्रातील 'एक्स-मिल' हा शब्द आम्हाला कळला नाही. भाडे दरात धरले आहे असे समजून माल विकला आणि ट्रकचे भाडे आमच्या खिशातून गेले. पुस्तकात 'ग्रे' म्हणजे राखाडी. बाजारात 'ग्रे' म्हणजे मागावरून उतरलेले, न धुतलेले, न रंगविलेले कोरे कापड. असे इंग्रजी शिकविणाऱ्याकडे लोक बी.एड. मागत नाहीत, उपयोग पाहतात.

काम असे सुरू करावे :

१) जुनी चलने, बिले, लेबले जमवावीत. पार्टीचे नाव व दर झाकून त्यांचेच धडे करावेत.

२) कापडाचा नमुना दाखवतो तसा एक तास विनामूल्य घ्यावा.

३) पाळ्या बदलतात, म्हणून तोच धडा सकाळी व संध्याकाळी ठेवावा. घरची खोली किंवा दुकानाचा माळा पुरतो.

४) फी महिन्याची, आगाऊ, पावती देऊन घ्यावी. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशी हमी देऊ नये.

५) वीसपेक्षा कमी कामगार असल्यास २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना द्यावी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यास साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पन्नासपेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंगसाठी केंद्राची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत शिकविणारा निदान पदवीधर हवा.

क्लास हा बी.एड.ला पर्याय नव्हे. शाळेतच जायचे असेल तर क्लासच्या कमाईतून फी भरून बी.एड. करावे. तोपर्यंत रिकामे बसू नये, आणि कागदाशिवाय कोणाकडे राबूही नये. त्या मुलीला आम्ही हेच सांगितले. आमच्या जुन्या पत्रांची फाईल सध्या तिच्याकडे आहे.