लांब पल्ल्याच्या घोड्याची परीक्षा

बैल दमला म्हणजे जू टाकून बसतो. घोड्याचे तसे नाही. उमद्या स्वभावाचा घोडा सोबतच्या घोड्यांमागे अंगातील शक्ती संपेपर्यंत चालत राहतो आणि पुष्कळदा मालकास कळते तेव्हा वेळ टळलेली असते. म्हणून लांब पल्ल्याच्या घोड्याची योग्यता त्याच्या उत्साहावरून न ठरविता मापाने ठरविणे अगत्याचे आहे. ही मापे कोणती व ती कशी घ्यावीत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली वेंडेल रोबी व त्यांच्या सोबत्यांनी सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ऑबर्न गावापर्यंतची १०० मैलांची वाट एका दिवसात घोड्यावरून पार केली. तीच रपेट पुढे टेव्हिस चषक ह्या नावाने प्रसिद्धीस आली. १९६४ पासून तेथे आणखी एक चषक देण्यात येऊ लागला. पहिल्या दहा घोड्यांपैकी ज्याची शरीरस्थिती सर्वोत्तम राहिली असेल, त्यास तो मिळतो. अशा रपेटींत वाटेवर ठिकठिकाणी पशुवैद्य घोडे तपासतात. घोडा पुढे चालण्यास लायक ठरला नाही, तर तो कितीही लवकर आलेला असो, बाद होतो. ह्या तपासणीतील बहुतेक गोष्टी कोणाही अश्वपालकास स्वतः करता येण्यासारख्या आहेत.

नाडी

विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटास साधारणतः २८ ते ४४ असते. खालच्या जबड्याच्या आतील कडेस बोटे ठेवून किंवा डाव्या कोपराच्या मागे छातीशी हात लावून ठोके मोजावेत. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून त्यांस चाराने गुणावे. श्रमानंतर नाडी किती वाढली, ह्यापेक्षा ती किती लवकर उतरली, ह्यास अधिक महत्त्व आहे. स्पर्धांतून बहुधा ६४ ही मर्यादा धरतात. खोगीर उतरवून, सावलीत उभे करून, अंगावर पाणी घालूनही पंधरा-वीस मिनिटांत नाडी ६४ च्या खाली आली नाही, तर घोड्यास पुढे नेऊ नये.

आणखी एक कसोटी आहे. प्रथम नाडी मोजावी. नंतर घोड्यास सुमारे ४० मीटर दुडक्या चालीने नेऊन परत आणावे आणि निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजावी. दुसरा आकडा पहिल्याएवढा किंवा कमी असल्यास ठीक. चार किंवा अधिक ठोक्यांनी वाढल्यास घोडा थकला आहे किंवा त्यास कोठे तरी वेदना आहे, असे समजावे.

पाणी व मीठ

एका जत्रेच्या वाटेवर प्रस्तुत लेखकाने एक घोडा पाहिला. उन्हात दीर्घ चाल झालेली, कुशी आत ओढलेल्या, तरी तो पाण्याला तोंड लावीना. मालक म्हणाला, "साहेब, तहान नाही त्याला." वस्तुस्थिती उलट होती. माणसाच्या घामात क्षार कमी असतात. त्यामुळे घाम गेला की रक्त दाट होते व तहान लागते. घोड्याच्या घामात क्षार रक्ताएवढे किंवा त्याहूनही अधिक असतात. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने रक्ताचा दाटपणा फारसा वाढत नाही आणि शरीर कोरडे पडत असताही तहानेची जाणीव होत नाही.

ह्यासाठी मानेवरील किंवा खांद्यावरील कातडीची चिमूट धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत झाली पाहिजे. हिरडी ओलसर व गुलाबी असावी आणि बोटाने दाबून सोडल्यावर तिचा रंग दोन सेकंदांत परत यावा. काम करणाऱ्या घोड्यास रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ चंदीतून द्यावे. घाम फार येत असल्यास प्रमाण वाढवावे. मात्र पाणी न पिणाऱ्या घोड्यास मीठ बळाने चारू नये.

तापलेल्या घोड्यास पाणी पाजू नये, त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, हा समज जुना आहे. शास्त्रीय प्रयोगांत त्यास आधार मिळालेला नाही. घोडा थांबताच त्यास पाणी दाखवावे आणि अंगावर सतत पाणी ओतीत राहावे.

पाय व पाठ

सरावाने हृदय व फुप्फुसे दोन-तीन महिन्यांत तयार होतात. हाडे व कंडरा बळकट होण्यास मात्र वर्ष किंवा अधिक काळ लागतो. घोडा दमत नाही, एवढ्यावरून त्याचे पाय तयार झाले, असे मानणे घातक होय. अंतर व वेग ही दोन्ही एकाच वेळी वाढवू नयेत.

लंगडेपणा पाहण्यासाठी सपाट, कठीण जमिनीवर दोर सैल सोडून घोड्यास दुडक्या चालीने पळवावे. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना मान वर उचलली जाते. खोगीर काढल्यावर पाठीवर हात फिरवून सूज व दुखरी जागा शोधावी. स्वार व खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापलीकडे जाऊ नये. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो.

ताबडतोब थांबवावे केव्हा

१. नाडीच्या ठोक्याबरोबर कुशी उडू लागल्यास.
२. लघवी गडद तपकिरी होऊन पुठ्ठे ताठरल्यास. अशा घोड्यास चालवूही नये.
३. पोटातील गुरगुर बंद होऊन खाणे सोडल्यास.

ह्या प्रत्येक प्रसंगी पशुवैद्यास विनाविलंब बोलवावे.

माथेरानच्या चढावर माणसे व सामान वाहणारा घोडा शर्यतीत धावत नसला, तरी त्याचे हृदय, घाम व कंडरा ह्यांचे नियम तेच आहेत. प्रत्येक खेपेनंतर एक मिनिट नाडी मोजण्यात खर्च होते. ते मिनिट वाचविणाऱ्यावर कधीकाळी घोडाच गमावण्याची पाळी येते. अश्वपालक बंधूंनी आजपासून आपल्या घोड्याची विश्रांतीची नाडी टिपून ठेवावी.