कुत्रा फिरतो, मालक चालतो का?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला "रोज चालता का?" असे विचारले की आमच्या अंधेरीच्या भागात हल्ली एक उत्तर हमखास ऐकू येते. "चालतो तर! सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवतो ना!" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे उत्तर क्वचित मिळे. आता फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारी मध्यमवर्गीय कुटुंबे पुष्कळ आहेत. मुले नोकरीसाठी परगावी किंवा परदेशी गेली, की त्यांनी हौसेने आणलेला कुत्रा आईवडिलांच्या वाट्याला येतो. गावाकडेही आता असेच चित्र दिसू लागले आहे, असे येणारे-जाणारे सांगतात. म्हणून या आठवड्यात या विषयावर लिहितो. कुत्र्याला फिरवणे हा माणसाचा व्यायाम होतो का, आणि त्यात सांभाळायचे काय?

अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला संकुलाच्या मागे एक रस्ता आहे. त्याला सगळे 'बॅक रोड'च म्हणतात. एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला खाडीकडची तिवरांची झाडी. रस्ता अगदी सपाट. सकाळी उजाडता उजाडता तिथे फिरायला येणाऱ्यांची आणि त्यांच्या कुत्र्यांची गर्दी असते. महापालिकेच्या बहुतेक बागांत कुत्र्यांना मज्जाव असतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि नेऊही नये, कारण बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. त्यामुळे आमच्याकडे असे रस्तेच कामाला येतात. तुमच्या गावी हीच सोय कालव्याच्या कडेच्या रस्त्याने किंवा शाळेच्या मैदानाने होत असेल.

"एवढ्याशा सपाट रस्त्यावर चालून काय होणार?" असे विचारणारेही भेटतात. डोंगर चढला, घाम गळला, तरच व्यायाम, अशी त्यांची समजूत. ती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल पुरते, आणि ती सलग दहा मिनिटे तरी व्हावी ही पूर्वीची अटही आता राहिलेली नाही. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत हा आकडा तर कोणत्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावातून तो जगभर पसरला.

थोड्या थोड्या हालचालीची बेरीज किती मोठी होते, हे १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनमध्ये दाखवून दिले. तिथल्या दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करत असे. दोघे एकाच बसवर, एकाच हवेत. पण हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी आढळले. कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते. तिकिटे फाडत होते, एवढेच!

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पायांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. जेवणानंतर साखर वाढते, त्याच वेळी दहा-पंधरा मिनिटे चालले तर ती वाढ कमी होते. कुत्र्याला रात्री शेवटचे बाहेर न्यायची वेळ बहुधा जेवणानंतरचीच असते. म्हणजे नोकराच्या हाती दिलेली ती फेरी मालकाने स्वतः केली, तर फायदा मालकाचाच. इंग्लंडमधल्या २०१९ सालच्या एका अभ्यासात कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये आठवड्याचा हा हिशेब पूर्ण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट दिसली. त्यात मला नवल वाटले नाही. आपण कंटाळा करू शकतो, पण दाराशी उभा राहून भुंकणारा कुत्रा कंटाळा करू देत नाही.

मात्र इथे एक मेख आहे. कुत्रा फिरायला जातो तो हुंगायला. दर खांबाशी थांबणार, दोन पावले पुढे, चार पावले मागे. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण मालकाचा अर्धा तास निम्मा उभे राहण्यातच जातो. मध्यम श्रम ओळखायची साधी खूण अशी, की चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. बॅक रोडवर मी पाहतो तर कित्येक जण निवांत मोबाइलवर गप्पा मारत उभे असतात. मी माझ्या रुग्णांना फेरीचे दोन भाग करायला सांगतो. पहिली दहा मिनिटे कुत्र्याची, तो म्हणेल तिथे थांबा. नंतरची वीस मिनिटे तुमची, न थांबता, झपझप. बहुतेक कुत्र्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत हे समजते. कुत्रा म्हातारा असेल, किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर त्याला दामटू नका. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. त्याला घरी सोडा आणि पुन्हा एकटे बाहेर पडा.

या थांबण्यामागे कधी कधी दुखणेही लपते. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ, वय चौसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. मुलगा परदेशी गेला आणि लॅब्राडोर यांच्याकडे राहिला. त्यानंतर यांची साखर खरोखरच सुधारली. मी चालण्याची चौकशी केली, तर म्हणाले, "अर्धा तास चालतो. हा थांबला की थांबतो, तेवढाच आराम." दम लागतो का? नाही. छातीत काही होते का? नाही. "बाजारात एकटे जाता तेव्हाही मध्ये थांबावे लागते का?" असे विचारल्यावर मात्र ते जरा विचारात पडले. म्हणाले, "थांबतो खरा. छातीत जरा जड वाटते, ढेकर आली की बरे वाटते." बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "हे मला कधी बोलला नाहीत!"

ते जड वाटणे ढेकरेने जात नव्हते, थांबण्याने जात होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना हृदयाला रक्त कमी पडते आणि छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखते, आवळल्यासारखे होते. थांबले की दोन-चार मिनिटांत शमते. याला अंजायना म्हणतात. विश्रांतीत काढलेला इसीजी अशा वेळी पुष्कळदा निर्दोष येतो, यांचाही आला. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवल्यावर पुढच्या तपासण्यांत दोन रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे निघाले आणि वेळेवर उपचार झाले. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असेच होते, फक्त दुखते ते पोटरीत. इंग्रजीत त्याला दुकानांच्या काचा पाहत थांबणाऱ्याचा आजार असेही म्हणतात, कारण माणूस दुखणे लपवायला काचेत डोकावत उभा राहतो. कुत्रा बरोबर असला की तेवढ्या बहाण्याचीही गरज नसते. म्हणून पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने, विशेषतः मधुमेहींनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, आठवड्यातून एकदा त्याच रस्त्यावर कुत्र्याशिवाय चालून पाहावे. दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर थांबावेसे वाटत असेल, तर दुखणे तुमचे आहे, डॉक्टरांना दाखवा. आणि थांबूनही छातीतले दुखणे पंधरा-वीस मिनिटांत जात नसेल, घाम फुटत असेल, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

पडण्याबद्दल थोडे. साखळी मनगटाला गुंडाळून घेण्याची सवय फार जणांना असते. समोर मांजर दिसले की वीस-पंचवीस किलोचा कुत्रा झेप घेतो आणि मालक तोंडघशी. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साखळीने कुत्रा फिरवताना हाड मोडून तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात आलेल्या पासष्ट वर्षांपुढच्या लोकांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक वाढलेली दिसली. त्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त स्त्रिया होत्या. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात, त्याचा हा परिणाम. खुब्याचे हाड मोडले तर उतारवयात माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच याची खात्री नसते. साखळी मुठीत धरा, गुंडाळू नका, ओढ असह्य झाली तर सोडून देता आली पाहिजे. पायांत रबरी स्लिपर नको, मागून बंद असलेला बूट हवा. आणि मोठ्या कुत्र्याची साखळी घरातल्या आजीच्या हाती देऊ नये, तिचा त्याच्यावर कितीही जीव असो.

आता चाव्याबद्दल. पाळीव कुत्रा मालकाला सहसा चावत नाही. पण फिरायला जाणाऱ्याला चावा बसतो तो बहुधा भांडण सोडवताना. गल्लीतली कुत्री आपल्या कुत्र्यावर धावून येतात, आपण मध्ये हात घालतो, आणि कोणाचा दात लागला ते कळतही नाही. मग घरी येऊन हळद लावली जाते. "नुसते खरचटले आहे, डॉक्टर, रक्तसुद्धा आले नाही" हे वाक्य ऐकले की मी धसका घेतो. रेबीज झाल्यावर, म्हणजे लक्षणे दिसू लागल्यावर, रुग्ण वाचत नाही असेच धरून चालावे लागते. आणि लक्षणे दिसायच्या आधी योग्य उपचार पूर्ण केले तर हा आजार टाळता येतो. मधला पर्याय नाही.

म्हणून दात किंवा नख लागले की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने ती जागा पूर्ण पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात या. रक्त न येता खरचटले असले तरी लस लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते. ते मागून घ्या, कारण लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात आणि तोवर त्याचाच आधार असतो. जुन्या लोकांना पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात आणि त्या भीतीने ते घरीच बसतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस आपल्या देशात २००४ सालीच बंद झाली. आता लस दंडात देतात. दंडाच्या कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण लस त्यासाठी अडवून धरू नका. स्वतःच्या कुत्र्यालाही दर वर्षी लस द्या. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. तुमच्या नगरपालिकेचा नियम काय आहे ते विचारून घ्या, पण लसीला नियमाची वाट पाहू नका.

शेवटी पावसाळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले. कोकणात भातशेती करणाऱ्यांना हा आजार नवा नाही. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. मधुमेहींच्या पायाला जखम झालेली त्यांना कळतही नाही. पावसात फिरायचे तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, घरी आल्यावर स्वतःचे पाय आणि कुत्र्याचे पाय धुवा, त्याने घरात केलेली घाण उघड्या हाताने पुसू नका. कुत्र्यासाठी लेप्टोची लस मिळते, ती पशुवैद्यांकडून द्या. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते प्रतिबंधक गोळी देतील. ती गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही, म्हणून शेजाऱ्याकडून मागून घेऊ नका. पाण्यातून गेल्यावर महिनाभरात कडक ताप आला, डोके आणि पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आपणहून सांगा, की घरात कुत्रा आहे आणि त्याला पावसात फिरवायला तुम्हीच जाता.