भाजीमळ्याचा हिशेब

बेळगावच्या आसपास विहिरीवरचे दहा-वीस गुंठे रान आणि घरची माणसे एवढ्याच भांडवलावर आपल्यातील कित्येक कुटुंबे उभी राहिली. येथली कोबी, वांगी, मिरची चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. तरीही "मळा परवडत नाही" हे वाक्य आज घरोघर ऐकू येते, आणि मुले रान विकण्याची भाषा बोलतात. तेव्हा परवडणे म्हणजे काय, ते आपण पाहू.

फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली कार्यक्षमतेचे दोन भाग पाडले. तेवढ्याच पाण्यात, खतात व श्रमात जास्तीत जास्त माल काढणे हा एक. आणि भाव पाहून पाणी, खत, श्रम यांचे प्रमाण ठरविणे हा दुसरा. उत्तम पीक काढणारा शेतकरीही दुसऱ्या भागात चुकू शकतो.

ग्वाटेमालातील पानाहाचेल गावी तळ्याकाठच्या छोट्या वाफ्यांत पाणी देऊन कांदा व भाजीपाला काढीत. सोल टॅक्स यांनी त्यांचा पैन्‌पै हिशेब १९५३ साली छापला. त्याच्या आधारे शुल्ट्झ यांनी १९६४ साली म्हटले की, हा शेतकरी गरीब आहे, पण हिशेबाला कच्चा नाही. आम्हांस हे पटते; मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या न बदललेल्या शेतीविषयी होते. आपल्याकडे मोट गेली, पंप आला, बियाणे पाकिटातून येऊ लागले. वडिलांचा अंदाज येथे पुरत नाही.

पाण्याचेच घ्या. दहा गुंठ्यांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २५,७०० लिटर. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत, म्हणून हे पाणी फुकट वाटते व पाट वाहतच राहतो. पण भाजीची मुळे बहुधा उथळ असतात. जादा पाण्याबरोबर नत्र त्यांच्या खाली झिरपते, आणि साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. म्हणजे विजेचे वाचलेले पैसे खताच्या दुकानात जातात! वाफा भरण्याआधी चार बोटे माती उकरून ओल पाहिली, तर एखादी पाळी सहज वाचेल.

अडत, हमाली, गाडीभाडे बहुतेक जण मांडतात. घरच्या श्रमांचे काय करावे हे कोणी विचारीत नाही. कोणी ते शून्य धरतो, कोणी पूर्ण मजुरी लावून तोटा दाखवितो. दोन्ही चूक. तो वेळ दुसरीकडे काय मिळविता, एवढेच धरावे. दुपारच्या दोन तासांत घरच्या बाईंना अन्य काम मिळणारच नसेल, तर त्या तासांची खुरपणी जवळजवळ बिनखर्ची. पण उद्यमबागेतल्या कारखान्यात काम मिळू शकणाऱ्या मुलाचा दिवस त्या पगारानेच वहीत लिहावा लागेल. म्हणूनच शेजारच्या मळ्यात परवडलेली कोबी आपल्या मळ्यात परवडेलच असे नाही.