शाळेचा पट आणि शाळेचे मोल

(आपण आकडे वाचतो, पण त्यांना प्रश्न विचारतो का? लहान शाळेची पारख पटसंख्या आणि अनुदान यांवरून कशी करावी, हे या पाठात एका उदाहरणाने समजावून दिले आहे.)

विद्यार्थ्यांनो,

दरवर्षी परीक्षा होते आणि तुम्हांला गुण मिळतात. पण शाळेचीच परीक्षा घ्यायची ठरली तर? प्रश्न कोणते विचारायचे? गुण कसे द्यायचे? आज आपण हेच पाहू.

नाशिक जिल्ह्यात देवळा नावाचा तालुका आहे. बागलाण, कळवण, चांदवड आणि मालेगाव हे त्याचे शेजारी तालुके. लोहोणेरजवळून गिरणा नदी वाहते. उमराण्याला कांद्याचा मोठा बाजार भरतो. या भागातील पुष्कळ शेतकरी गावात न राहता आपापल्या मळ्यात घर बांधून राहतात. चार घरे इथे, सहा घरे तिथे. अशा वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा असतात. खोल्या दोन, शिक्षक दोन आणि मुले मोजकी.

अशी एक शाळा आपण मनाशी धरू. ही शाळा खरी नाही, फक्त हिशेबापुरती आहे. इयत्ता पहिली ते चौथी, पट १८.

जमा, खर्च, रक्कम, हजेरी हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. ‘पट’ हा शब्द मात्र नीट समजून घ्या. शाळेच्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत, त्या विद्यार्थ्यांची संख्या म्हणजे पट. प्रत्येक शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांची माहिती दरवर्षी ‘यू-डायस’ या सरकारी नोंदीत भरली जाते. त्यासाठी प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. तुमच्या शाळेलाही आहे.

आता पहिला हिशेब पैशांचा करू. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान ठरलेले आहे. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये आणि १०१ ते २५० असेल तर ५०,००० रुपये. आपल्या शाळेचा पट १८. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे सुमारे ५५६ रुपये. शेजारच्या गावातील शाळेचा पट २४० धरा. तिथे दर विद्यार्थ्यामागे सुमारे २०८ रुपये.

लहान शाळा महाग ठरली! पण एवढ्यावर वही मिटू नका. भागाकार बरोबर आहे. त्याचा अर्थ अजून लावायचा आहे. मुले कमी आहेत म्हणून छपराला पत्रे कमी लागत नाहीत. फळा एक तो एकच. विजेचे बिल येतेच. लहान शाळेच्या हातात वर्षाला एकूण १०,००० रुपये येतात. त्यातच खडू, झाडू, बिल आणि दुरुस्ती भागवायची. मोठ्या शाळेच्या हातात ५०,००० येतात. दर डोई पाहिले तर लहान शाळा श्रीमंत, आणि एकूण रक्कम पाहिली तर गरीब. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणखी एक गंमत पाहा. पट ३१ असताना अनुदान २५,००० रुपये. एक मूल कमी झाले, पट ३० झाला, की अनुदान १०,०००. एका मुलामागे पंधरा हजारांचा फरक!

शिक्षकांचेही असेच आहे. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवले आहेत. पट २६ असो वा १८, शिक्षक दोनच. पट २६ वरून १८ वर आला की एका शिक्षकामागे १३ ऐवजी ९ विद्यार्थी राहतात. कोणी एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी दर विद्यार्थ्यामागचा खर्च वाढला. हे नीट लक्षात ठेवा.

ही गोष्ट एका वस्तीपुरती नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळच्या सरकारी आकडेवारीनुसार २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते. भागाकार करा. एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले येतात. मोठ्या शाळेत खेळायला सवंगडी जास्त, वर्गाला स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे सारे मिळू शकते, असे समूह शाळेच्या बाजूने सांगितले जाते. हे म्हणणे टाकाऊ नाही. पण ‘मुले तिथे पोहोचतील का?’ हा प्रश्न उरतोच.

म्हणून दुसरा हिशेब करू. पट का घटला? समजा पाच वर्षांत तो २६, २४, २२, १९, १८ असा उतरला. वस्तीवर मुलेच कमी जन्मली का? काही मुले गाडीने तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाऊ लागली का? की घरे कामासाठी दुसरीकडे गेली? आकडे तेच, कारणे तीन. उत्तर हवे असेल तर वस्तीवर जाऊन मुले मोजावी लागतील. वस्तीवर त्या वयाची २० मुले असतील आणि १८ शाळेत असतील, तर शंभरात ९० मुले या शाळेत आहेत. शाळा लहान आहे, पण नापास नाही. मुले ४५ असतील आणि शाळेत १८ असतील, तर शंभरात ४० च. मग शाळेने स्वतःला विचारले पाहिजे, की बाकीचे पालक आपल्याकडे का येत नाहीत?

तिसरा हिशेब हजेरीचा. पट कागदावर असतो, हजेरी वर्गात असते. कांद्याची लागवड किंवा काढणी सुरू झाली की काही मुले शेतात दिसतात. कधी कधी तर कागदावरची मुले खरोखर असतच नाहीत. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर शाळांची पटपडताळणी झाली. मुले प्रत्यक्ष मोजली गेली. एक मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. अनेक ठिकाणी नोंदवहीतील आकडा आणि समोर बसलेली मुले यांचा मेळ बसला नाही. खोटा पट म्हणजे खऱ्या मुलांच्या वाट्याचा पैसा. लहान शाळेचा खरा १८ चा पट त्यापेक्षा कितीतरी मोलाचा!

चौथा हिशेब अंतराचा. राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. वस्तीची शाळा बंद झाली तर सहा वर्षांचे मूल किती चालेल? वाटेत ओढा आहे का? मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? आणि घरात एकच सायकल असेल तर ती मुलाला मिळेल की मुलीला?

आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीच्या मुलांनी २०२२ साली याचे उत्तर दिले. आपली शाळा बंद होऊ नये म्हणून ही मुले बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेकडे निघाली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ असे त्यांचे म्हणणे होते. शाळा नसेल तर आम्ही गुरेच राखायची ना, हा त्याचा अर्थ. असा प्रश्न कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात मावत नाही.

मी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडले होते. वस्तीवर मुले २०, पट १८, म्हणजे शंभरात ९०. मी म्हणालो, “छान! शाळा उत्तीर्ण.” मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, “सर, पण ती दोन मुले कुठे आहेत?”

मी खडू खाली ठेवला. त्या दिवशी खरा हिशेब तिने मांडला होता.

विद्यार्थ्यांनो, आकड्यांना भिऊ नका आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही तिथे बसून हे प्रश्न विचारता येतात. शाळा महाग की स्वस्त, हे जरूर पाहा. पण त्याआधी ती दोन मुले शोधा.

शब्दार्थ
पारख – गुणदोषांची परीक्षा
मळा – पाण्याची सोय असलेले शेत
अनुदान – सरकारकडून मिळणारी आर्थिक मदत
दर डोई – प्रत्येक माणसामागे
सवंगडी – खेळातील सोबती
पडताळणी – खरे-खोटे तपासणे
मेळ बसणे – जुळणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पट म्हणजे काय?
(आ) पटपडताळणी कोणत्या साली झाली?
२. ‘लहान शाळा दर डोई श्रीमंत आणि एकूण गरीब’ हे उदाहरणाने स्पष्ट करा.
३. पट आणि हजेरी यांतील फरक तीन-चार वाक्यांत लिहा.
४. उपक्रम : आपल्या शाळेचा गेल्या पाच वर्षांचा पट मुख्याध्यापकांना विचारून तक्ता करा. तो का वाढला किंवा का घटला, याविषयी पालकांशी बोलून दहा ओळी लिहा.