पाळी थांबली म्हणून दवाखाना सुटत नाही

चि. भाच्यास,


परवा फोनवर सहज म्हणालास, "पाळी थांबली, आता स्त्रीरोगवाल्यांकडे माझं काय काम?" अरे, काम आहे. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, गप्प कशी बसू?

दाढी आली, आवाज फुटला, चेहरा खुलला. मलाही बरं वाटतं. पण टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी नसतानाही दिवस राहू शकतात, आणि इंजेक्शनं चालू असतील तर गर्भाला अपाय होऊ शकतो. गर्भाशयाचं तोंड शरीरात आहे तोवर त्याची कॅन्सरची तपासणीही आहेच. या औषधाने आतून कोरडं पडतं, तपासताना दुखतं. आधीच सांग, लहान स्पेक्युलम वापरतात.

रक्तही घट्ट होतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावं किंवा डोस कमी करावा लागतो. जिममधल्या कुणाकडून अँप्युल टोचून घेतोस, त्याला हे कोण सांगणार? ते आधी बंद कर. आणि छाती आवळणारा तो बाइंडर झोपताना काढत जा. गणपतीत तुझ्या बरगड्यांवरचे वळ पाहिलेत मी. तुझ्या आईला बोलले नाही एवढंच.

दवाखान्यात जायला का नको वाटतं, तेही मला कळतं. अमेरिकेत जॉर्जियात रॉबर्ट ईड्स म्हणून तुझ्यासारखाच एक ट्रान्स पुरुष होता. त्याला बीजांडकोशाचा कॅन्सर झाला. वीसहून जास्त डॉक्टरांनी उपचार नाकारले. उपचार मिळाले तोवर उशीर झाला होता. १९९९ मध्ये गेला. त्याच्यावर 'सदर्न कम्फर्ट' नावाचा माहितीपट आहे.

दूर कशाला, आमच्याच ओपीडीत एकदा बायकांच्या बाकावर मिशीवाला मुलगा बसला होता. वॉर्डबॉयने केसपेपरवरचं जुनं नाव खणखणीत पुकारलं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या, तसा तो उठून गेला. केसपेपर बाकावरच राहिला. मी टेबलामागे होते. त्याच्यामागे जायला हवं होतं, गेले नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकणारा कायदा २०१९ साली झाला खरा, पण पुकारा अजून तसाच होतो.

म्हणून येत्या शनिवारी सकाळी नऊला दवाखान्याच्या गेटापाशी ये. ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. केसपेपर मी काढेन, कोणतं नाव घालायचं ते तू सांग.

तुझी मावशी