दादाबद्दल काय बोलावं?

प्रश्न : मोठा भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. अपघातानंतर कंबरदुखी कायमची मागे लागली, मग ट्रॅमाडॉलच्या गोळ्या सुटेनात. गेल्या वर्षी तो गेला. आता वर्षश्राद्ध आहे. गोळ्यांचा विषय काढायचा नाही, असं आईने बजावलंय. मला हे खोटं वाटतं.

उत्तर : ताई, तुमची घुसमट कळते. पण दादा नशेच्या शोधात निघाला नव्हता, त्याला रात्री कूस बदलता यावी एवढंच हवं होतं. ट्रॅमाडॉल अफूच्या जातकुळीतलं औषध. शरीर त्याला सरावतं, तीच गोळी अपुरी पडते. एकदम बंद केली तर घाम फुटतो, अंग मोडून येतं, झोप उडते. म्हणूनच २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. ही ओढ म्हणजे आजार, चारित्र्याचा डाग नाही. हे आईला श्राद्धाच्या दिवशी पाहुण्यांसमोर सांगू नका. आधी, दोघीच असताना सांगा. ती लपवतेय ते बहुधा लोकांच्या जिभेला घाबरून.

दादाने पैसे मागून केलेली भांडणं, उशीखाली सापडलेली रिकामी पाकिटं, असं काही घडलं असेल, तर तेही तुमच्या वाट्याचं आहे. त्याचा राग आला तर येऊ द्या. प्रेम त्याने कमी होत नाही. आणि ‘मी अडवायला हवं होतं’ हे मनात घोळत असेल, तर एकटीने सोसू नका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. अशा ठिकाणी घरच्यांशीही बोलतात. तिथे फोन करा, आईला सोबत घ्या.